शववाहिकेवरची चौकट

गाड्यांच्या शोरूममागे, काचेच्या झगमगाटापासून दूर, एक पत्र्याची शेड होती. विकलेली गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाण्याआधी तिथे यायची. तिच्या सीटवरचं प्लास्टिक निघायचं, पुसापुशी व्हायची आणि तिला नंबरप्लेट लागायची. चौकटमामांचं नोकरीचं अख्खं आयुष्य त्या शेडमध्ये गेलं. नंबरप्लेट बसवायची आणि तिच्याभोवती शोरूमची काळी चौकट आवळायची, हे त्यांचं काम. चौकटीच्या वरच्या पट्टीवर शोरूमचं नाव, खालच्या पट्टीवर 'चौकशीसाठी' आणि पुढे फोन नंबर. मामांचं खरं नाव पगारापुरतं उरलं होतं. मालकापासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना चौकटमामा म्हणत, आणि त्यांच्या बायकोने जन्मात स्क्रूला हात लावला नसताना ती बिचारी चौकटमामी.

मामांचा हात उत्तम होता. त्यांची चौकट कधी खडखडली नाही की एकाही आकड्यावर चढली नाही. लोकांचं भांडण हाताशी नव्हतंच, ते चौकटीशी होतं. माणूस हौसेने गाडी घेतो, तिच्याभोवती दोन फेऱ्या मारतो, आणि मागे जाऊन बघतो तर तिच्या पाठीवर दुसऱ्याचंच नाव. एका निवृत्त मास्तरांनी विचारलं होतं, शिंपी कोट शिवतो म्हणून पाठीवर आपलं नाव घालतो का? एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी पेशंटच्या कपाळावर माझ्या दवाखान्याची पाटी चिकटवत नाही. एका टॅक्सीवाल्याने तर खिशातून पेचकस काढून तिथल्या तिथे चौकट उतरवली आणि 'ही घ्या तुमची ठेव' म्हणून मामांच्या हातात दिली. तेव्हापासून मालकाने साध्या पेचकसाने न निघणारे स्क्रू आणवले.

या सगळ्यांना मामांचं उत्तर एकच: मालकाला विचारा. मालक वरच्या मजल्यावर केबिनमध्ये बसायचा. हातात नव्या गाडीची किल्ली आलेला माणूस भांडायला जिना चढत नाही, हे मामांना पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी ही भांडणं घरी जायची. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, घरात दोघंच. मामी भाजी चिरता चिरता आज कोण कावलं म्हणून विचारायच्या आणि मामा त्या गिऱ्हाइकाची हुबेहूब नक्कल करून दाखवायचे. मास्तर तर त्यांना इतके साधत, की मामी डोळ्याला पदर लावून पुरे पुरे म्हणायच्या.

मग इस्पितळाने शववाहिका घेतली. पांढरी, लांबलचक, मागच्या दाराला काच. ती शेडमध्ये आली, तिला नंबरप्लेट लागली आणि चौकटही लागली. मामांनी वाईट हेतूने लावली असं नाही, विचार करून लावली असंही नाही. शेडमध्ये आलेल्या गाडीला चौकट लागते, एवढंच. इतक्या वर्षांनी हात डोक्याला विचारत नाहीत.

काही आठवड्यांनी तिचा ड्रायव्हर गाडी सर्व्हिसिंगला घेऊन आला आणि शेडच्या दाराशी घुटमळत उभा राहिला. अंगाने काटकुळा, आवाज असा की कान द्यावा लागावा. भांडायला आलेला नव्हता. तो सांगत होता, की लोक गाडीमागून चालतात, त्यांची मान खाली असते, आणि नजर नेमकी तिथेच पडते.

"वाचायला दुसरं काही नसतं हो त्यांना," तो म्हणाला. "काढून देता का?"

मामांच्या तोंडून सवयीने तेच गेलं. मालकाला विचारा. ड्रायव्हरने जिन्याकडे पाहिलं, आपल्या मळक्या चपलांकडे पाहिलं आणि गाडी घेऊन निघून गेला.

त्या संध्याकाळी मामांनी त्याचीही नक्कल करायला घेतली. मामी हसल्या नाहीत. त्यांची विळी थांबली.

"काढून द्यायची होती."

"अगं, मालकाला विचारल्याशिवाय..."

"मग तुम्ही विचारा. त्या बापड्याला कशाला जिना दाखवता?"

उद्या विचारतो, असं मामा म्हणाले. विचारायला काही अवघड नव्हतं, मालक काही खाणार नव्हता. पण उद्याचा परवा झाला, ड्रायव्हर परत आला नाही, मामींनीही विषय काढला नाही. जी गोष्ट कुणी पुन्हा विचारत नाही ती मिटली, असा आपला सगळ्यांचाच समज असतो. मामांचाही होता.

पुढे मामी गेल्या. साधा ताप म्हणून अंगावर काढला, तो आत मुरला होता. इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला आणि आठवड्याच्या आत खेळ आटोपला. घरापुढे उभी राहिली ती तीच पांढरी गाडी, तोच ड्रायव्हर. मागचं दार उघडताना त्याने मामांना ओळखलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

स्मशान फार लांब नव्हतं. माणसं गाडीमागून चालत निघाली. मामा सगळ्यांत पुढे, लेकीचा हात त्यांच्या कोपराला. समोर शोरूमचं नाव, खाली 'चौकशीसाठी', पुढे फोन नंबर. त्यांनी मान वर केली तर काचेपलीकडे पांढरं कापड दिसलं, ते बघवेना. नजर घसरून पुन्हा खाली आली. सबंध रस्ताभर ते तेच वाचत होते. वळणावर गाडी थांबली तेव्हा चौकट हाताच्या अंतरावर आली, आणि मामांना दिसलं, की बसवलेली मात्र अगदी चोख आहे. कुठे केसाइतकीही फट नाही.

लेकीने हळूच विचारलं, "बाबा, हे तुमच्याच शोरूमचं ना?"

"मीच लावलंय," मामा म्हणाले.

तिने त्यांचं कोपर घट्ट धरलं.

लोकांनी अजून आठ दिवस तरी घरी राहा म्हटलं, पण मामा त्याआधीच कामावर हजर झाले आणि शेडमध्ये न जाता जिना चढले. मालक त्यांच्यासमोर हाफ पँटमधून मोठा झालेला. तो उठला, त्याने स्वतः खुर्ची ओढली. मामा बसले नाहीत.

"साहेब, शववाहिकेची चौकट काढायची आहे."

"काढा ना, मामा. त्यात विचारायचं काय? मला कुणी सांगितलंच नाही."

एवढंच होतं. एका वाक्याचं काम. मामांनी टेबलाची कड धरली. मग म्हणाले, यापुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारूनच चौकट लावीन.

मालक खाली बसला. त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, की असं विचारत बसलं तर कुणी हो म्हणणार नाही, रस्त्यावर आपलं नाव फिरतं ते या चौकटींवरच. मामा दुःखात आहेत, त्यांनी थोडे दिवस विश्रांती घ्यावी, मग बोलू.

"परवा तुम्हीही चाललात ना गाडीमागून," मामा म्हणाले. "काय वाचत होतात?"

मालकाने मान खाली घातली. "ती गोष्ट वेगळी होती, मामा."

"वेगळीच होती. पण तो ड्रायव्हर आला तेव्हा मला ती वेगळी वाटली नाही. रोज सगळ्यांना तेच उत्तर देऊन देऊन माझे कान गेले, साहेब. आता न विचारता लावायची असेल तर दुसरा माणूस बघा. माझ्या हातून व्हायचं नाही."

मालकाने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फोन वाजला, तो त्याने उचलला. मामांनी त्याचा सोयीचा अर्थ घेतला आणि जिना उतरले.

दुपारी इस्पितळाच्या आवारात त्यांनी चौकट उतरवली. खाली धुळीची काळी रेघ राहिली होती, ती फडक्याने घासून काढली. ड्रायव्हर बाजूला उभा होता. बरं झालं म्हणाला, आणि मग जरा थांबून, "तुमच्या घरच्या वेळेआधी झालं असतं तर..."

"तुम्ही आलात त्याच दिवशी व्हायला हवं होतं," मामा म्हणाले. "त्यानंतरचे सगळेच कुणाच्या तरी घरचे होते."

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी एका जोडप्याची होती. मामांनी चौकट हातात धरून लावू का म्हणून विचारलं, तर नवऱ्याला वाटलं याचे वेगळे पैसे पडतात. त्याने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, नको. मामांनी चौकट खोक्यात परत ठेवली. त्यांच्यामागून एक आजोबा आले. ते म्हणाले, लावा की, गाडी जरा भरल्यासारखी दिसते. त्यांना मामांनी पहिल्याइतक्याच निगुतीने लावून दिली आणि खडखडते का म्हणून तळव्याने ठोकून पाहिली.

असे महिने गेले. एके दिवशी मालक खाली शेडमध्ये आला आणि भिंतीला लावलेल्या खोक्यांकडे बघत राहिला. ही खोकी काही संपत नाहीत मामा, असं म्हणाला. मामा म्हणाले, नाही संपत. मालक आणखी काही बोलणार, तेवढ्यात एक नवी गाडी मागे मागे येत शेडमध्ये शिरली. पाठोपाठ तिची मालकीण आली, मध्यमवयाची, किल्ली मुठीत गच्च धरलेली. मामांनी नंबरप्लेट बसवली, खोक्यातून चौकट काढली आणि मालकाकडे न पाहता तिला विचारलं. बाई विचारात पडल्या. त्या काय म्हणतात ते ऐकायला मालकही थांबला.