डाव्या हाताची खिडकी

त्या सुताराला सगळे टोच्या म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. कारण साधं होतं. लोकांच्या खिशात पेन असतं तसा त्याच्या खिशात कायम टोच्या असे, आणि लाकूड दिसलं की टोचल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. दवाखान्यात नंबर लावून बसला तरी बाक टोचून बघणार आणि "आतून गेलंय" असा निकाल देणार. साठी उलटली तरी खोड गेली नव्हती.

काकूंनी त्याला बोलावलं ते मुलाचं न ऐकता. काकांचा पलंग रस्त्याकडच्या खिडकीशी होता. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली, त्याला दोन वर्षं झाली. स्वतःच्या हाताने करण्यासारखं दिवसभरात एकच काम उरलं होतं: सकाळी धडपडत का होईना, डाव्या हाताने खिडकी उघडायची. आता झडप फुगून चौकटीत अडकली होती. पाऊस आला की खालच्या फटीतून पाणी थेट गादीवर. मुलाने जाहीर केलं, "आई, तिथं सरळ काच बसवून टाकू. कायमची बंद. कटकटच नको." रविवारी माणूस माप घ्यायला येणार होता.

"आणि बाबांनी काय करायचं रे दिवसभर?" काकूंनी विचारलं, तर तो फोनमध्ये बघत बसला.

टोच्याने खिडकीच्या खालच्या फळीला टोच्या लावला, तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. मग त्याने फळीच्या पोटाखालून बोट फिरवलं.

"वहिनी, ही खिडकी कोणी केली, आठवतं?"

"घर बांधताना होता कोणीतरी सुतार. का हो?"

"मीच. तेव्हा उस्तादांच्या हाताखाली होतो. फळीला खालून एक खाच मारायची असते, म्हणजे पाणी तिथंच गळून पडतं, भिंतीकडे येत नाही. मी ती मारलीच नाही. घरी जायची घाई होती. एवढी वर्षं पाणी मुरलं ते माझ्यामुळं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. पावसावर, लाकडावर, नाहीतर बिचाऱ्या उस्तादांवर ढकलून तो मोकळा झाला असता. कोण विचारायला येणार होतं? आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारणारी माणसं काकूंनी तीस वर्षं कचेरीत पाहिली होती. आपणहून मूठ उघडणारा हा पहिलाच. त्यांना त्याच क्षणी तो आवडून गेला.

तीन दिवस तो खपला. कुजलं तेवढंच कापून काढलं, जुन्या सागवानाचा तुकडा जोडला. सांधा असा की नख अडकू नये. राहिलेली खाच मारली. शनिवारी बाहेरून बादल्यांवर बादल्या ओतल्या. आत थेंब नाही.

"झालं की!" काकू म्हणाल्या.

"थांबा वहिनी. दादांना जरा खुर्चीत बसवा."

आणि हा बाबा स्वतः पलंगावर आडवा झाला! उजवा हात पाठीखाली दाबला नि डाव्याने कडी चाचपायला लागला. हात पोचेना. उठला, कडी वीतभर खाली आणली, पुन्हा आडवा. कडी निघाली तर झडप अडली. उठला, रंधा मारला, पुन्हा आडवा. असं सात वेळा. कपाळावर घाम, केसात भुसा. काका खुर्चीतून बघत होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, आणि काकूंना हसावं की रडावं तेच कळेना.

मग काकांना पलंगावर आणलं. डावा हात वर गेला, कडी निघाली, झडप उघडली. काकांनी ती लावली. परत उघडली. परत लावली. टोच्या पाठ फिरवून हत्यारं भरत राहिला.

रविवारी माप घ्यायला माणूस आला. बेल वाजली, पण काकू जागच्या हलल्या नाहीत. काकांनी कडी काढली, खिडकी उघडली आणि डावा हात बाहेर काढून त्याला परत जायची खूण केली.