इथे ओल आहे

रुक्मिणी कांबळीला लोक तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे खडूस. तिला दोन्ही चालायचं. नवरा, चंद्रप्रकाश, गेल्यावर चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतला सुतारकामाचा गाळा विकून टाक, असं सासरच्या झाडून सगळ्यांनी सांगितलं. तिने गाळा ठेवला आणि सांगणाऱ्यांना सोडलं. बाप गिरणीत, आई मालवणची, स्वतः बी.कॉम.; लाकडातलं ओ की ठो कळत नव्हतं. दोन वर्षं कारागिरांशेजारी उकिडवी बसली आणि शिकली.

मग मुलुंडचं प्रकरण झालं. घरमालकाला घाई होती, हिने त्याचं ऐकलं आणि ओल न तपासता सागवानी जमीन टाकली. श्रावणात फळ्यांच्या कडा पन्हाळीसारख्या वर आल्या. मालकाने सोसायटीतल्या लोकांना बोलावून त्यांच्यादेखत तिला त्या जमिनीवरून चालायला लावलं. ती चालली. दुसऱ्या दिवशी येऊन एकेक फळी स्वतः उपटून नेली. त्यानंतर चार वर्षं तिला लाकडी जमिनीचं एकही काम मिळालं नाही. प्लायची कपाटं करत राहिली.

म्हणून बोरिवलीचं नंदकुमारांचं काम तिला हवं होतं. तळमजला, दोन खोल्या, अस्सल सागवान. हे नीट झालं तर नाव परत उभं राहणार, बिघडलं तर कायमचं बुडणार.

नंदकुमार कॉलेजातले निवृत्त परीक्षा पर्यवेक्षक. चाळीस वर्षं कॉपी पकडली, त्यामुळे समोरचा माणूस काहीतरी लपवतोच आहे, असं धरून बोलायचे. होणारे व्याही अक्षय्य तृतीयेला यायचे होते, त्याआधी जमीन हवी. आधी ओल तपासायची आणि मग लाकूड दोन आठवडे गठ्ठे सोडून खोलीत ठेवायचं, त्याला घराची हवा लागली पाहिजे, असं रुक्मिणीने सांगितल्यावर ते म्हणाले, काम लांबवायचे धंदे आहेत हे.

"लाकूड काय पाहुणा आहे, येऊन बसायला?"

"पाहुणा असता तर तुमच्याकडे टिकला नसता, सर."

स्वयंपाकघरात त्यांची बायको, माणिक, हसली आणि लगेच खोकली.

रुक्मिणीने न्हाणीघराच्या भिंतीलगत, जुन्या मोझॅक लाद्यांवर, हातभर प्लास्टिक पसरलं आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. खालून ओल येत असेल तर तीन दिवसांत प्लास्टिकच्या आत पाण्याचे थेंब धरतात. मग पट्टीवरून लादीवर जाणाऱ्या पेन्सिलीच्या चार रेघा ओढल्या. रेघा कशाला, नंदकुमारांनी विचारलं. सवय, ती म्हणाली. हात लावू नका, एवढं मात्र दोनदा सांगितलं.

चौथ्या दिवशी प्लास्टिक कोरडं ठणठणीत. नंदकुमार हाताची घडी घालून उभे, निकाल लागल्यासारखे. रुक्मिणी खाली बसली. चारी रेघा तुटल्या होत्या. पट्टीवरची रेघ एकीकडे, लादीवरची बोटभर दुसरीकडे.

"सर, ही पट्टी कोणी काढली?"

"कोणी नाही. मांजर आलं असेल."

"मांजराने परत सरळ चिकटवली?"

माणिकबाई आतून आल्या, ओले हात पदराला पुसत. "पहिल्याच सकाळी थेंब दिसले. यांनी रोज सकाळी फडक्याने पुसले, वर ड्रायर फिरवला. माझा, केसांचा."

नंदकुमारांचा चेहरा लाल झाला. मग जे निघालं ते चांगली दहा मिनिटं चाललं. बायकांच्या हाती काम दिलं हीच चूक. मुलुंडची गोष्ट आपल्यालाही ठाऊक आहे. उद्या दुसरा माणूस आणतो, चार दिवसांत टाकून देईल. मुलुंडचं नाव निघालं तेव्हा रुक्मिणीने फक्त मान वर केली.

"आणा की. घर तुमचां, लाकूड तुमचां. पण माझ्या नावावर ह्यां खपवूचां नाय."

मालवणी तिच्या तोंडून एरवी निघत नसे. काम हातचं गेलं, हे तिला कळत होतं. तरी तिने पिशवीतून काळा मार्कर काढला, प्लास्टिक उचकटलं आणि लादीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: इथे ओल आहे. लाकूड टाकू नये. रुक्मिणी कांबळी, चारकोप. खाली फोन नंबर आणि तारीख.

माझी लादी खराब केलीत, नंदकुमार ओरडले. झाकणारच आहात ना, असं म्हणून तिने चपला घातल्या.

पाचव्या दिवशी गाळ्यात फोन आला. कांदिवलीचा नितेश नावाचा कंत्राटदार, बोरिवलीहून बोलत होता. लादीवरच्या अक्षरांवर पायपुसणं टाकलं होतं, म्हणाला, पण घरातल्या बाईंनी येऊन पायाने सरकवलं आणि काही न बोलता आत गेल्या. सर तर म्हणतात, कुणा वेडीने लिहिलंय.

"काय करू, ताई?"

"वाचता येतं ना तुला?"

"येतं."

"मग मला काय विचारतोस? हत्यारं उचल नि नीघ."

तो म्हणाला, मालाडला एक लाकडी जमिनीचं काम आहे, आधी ओल बघून द्याल का? तिने पत्ता लिहून घेतला आणि बजावलं, तिथल्या लोकांना सांगून ठेव, माझ्या पट्टीला हात लावायचा नाही.