स्टॅम्पर डॉक्टरांची सही

आमच्या केंटकीच्या डोंगरात ‘कंपनीचा डॉक्टर’ ही शिवी आहे. कोळशाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा डॉक्टरला खाणमालकच नेमायचा आणि त्याचे पैसे मजुरांच्या पगारातून कापायचा. दुसऱ्या डॉक्टरकडे जायची सोय नव्हती. आमचे डॉक्टर ओर्विल स्टॅम्पर यांच्या खाणमजूर वडिलांना असाच एक डॉक्टर सांगत राहिला, छाती ठणठणीत आहे, उद्या कामावर या. पुढे पुढे ते खुर्चीत बसूनच झोपायचे, आडवं झालं की श्वास मिळत नसे. मुलानं हे पाहिलं. शिकून डॉक्टर होऊन गावी परतला तो एक ठरवूनच: कुठल्याही कंपनीच्या कागदावर सही करायची नाही.

आता ते सत्तरीला टेकलेत. दवाखाना जुन्या टपाल कचेरीत आहे. दुपारी शिजवलेला राजमा आणि मक्याचा पाव उभ्यानंच खातात, बसलो तर डोळा लागेल म्हणतात. माझा जन्म त्यांच्या हातून झाला, माझ्या लेकीचा, टेसीचाही. टेसीला दमा आहे. छातीला स्टेथोस्कोप लावण्याआधी ते तिला एखादा विनोद सांगायला लावतात आणि ती श्वास घ्यायला मध्ये कुठे थांबते ते ऐकतात. विनोदाला मात्र कधी हसत नाहीत.

माझा नवरा डेल्मर खुर्च्यांच्या कारखान्यात आहे. मालकानं कामगारांची विमा कंपनी बदलली. नव्या कंपनीच्या यादीत फक्त डोंगरापलीकडच्या मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर होते; यादीबाहेरच्या डॉक्टरकडे गेलं तर कंपनी पैसे देत नसे. स्टॅम्परांची नर्स वर्डी हिनं त्यांना न सांगताच कंपनीला विचारून पाहिलं, यांना यादीत घ्याल का. उत्तर आलं, यादी भरली आहे.

त्याच वर्षी राजधानीत एक विधेयक आलं: कंपनीच्या अटी आणि दर मान्य असतील त्या प्रत्येक डॉक्टरला यादीत घ्यायचं. आम्ही काही बायका चर्चच्या बसनं विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला गेलो. कंपनीच्या माणसानं सांगितलं, मोजकेच डॉक्टर ठेवले म्हणून दर कमी मिळतात, सगळ्यांना घेतलं तर विमा महाग होईल. त्याचं अगदीच खोटं होतं असं नाही. मग एका आमदारांनी मला विचारलं, “डोंगरापलीकडे जायला किती वेळ लागतो, बाई?”

“बर्फ नसताना की असताना?” मी म्हटलं. “असताना रस्ता बंद असतो. दम्याला ते कळत नाही.”

कायदा झाला. यादीत नाव घालण्याचा कंपनीचा अर्ज घेऊन मी धावतच दवाखान्यात गेले.

“झालं ते चांगलं झालं,” स्टॅम्पर म्हणाले. “तरुण डॉक्टरांना उपयोग होईल.”

“आणि तुम्हाला?” वर्डीनं विचारलं.

“मी कंपनीचा डॉक्टर होणार नाही.”

“नका होऊ. पेशंट सगळे डोंगरापलीकडे गेले की आपण दोघं पत्ते खेळत बसू. तसेही तुम्ही हरताच.”

त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. “पोरी, टेसीला खुशाल आण. तुझ्याकडून मी काही घेणार नाही.”

“तुम्ही घेणार नाही, पण औषधवाला घेईल, इस्पितळ घेईल. तुमच्या चिठ्ठीवर कंपनी एक डॉलर देणार नाही. आणि अख्ख्या कारखान्याला फुकट तपासलंत तर वर्डीचा पगार?”

“पगाराचं निघालं हे बरं झालं,” वर्डी म्हणाली.

“उद्या टेसीला काही लागलं तर मी कंपनीची परवानगी मागायची? फोनवरच्या कुणा पोराकडे? त्यानं तिला बघितलंसुद्धा नसणार,” स्टॅम्पर म्हणाले.

माझा आवाज चढला होता, पण थांबता येईना. “मागा. नाही म्हणाला तर भांडा. तुमच्या वडिलांसाठी कोण भांडलं? त्यांना डॉक्टर मालकानं दिला होता. तुम्हाला मी निवडलंय, डॉक्टर. राजधानीला काय फिरायला गेले होते मी?”

ते आत हात धुवायला गेले. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आले, चष्मा लावला आणि अर्ज शेवटपर्यंत वाचून काढला.

“अटी भिकार आहेत,” म्हणाले, आणि सही केली.

टेसीला घरी वाफेतून औषध द्यायचं यंत्र हवं होतं. कंपनीनं नाही म्हटलं. स्टॅम्परांनी फोन लावला. पलीकडे संगीत वाजत होतं, वर्डीनं त्यांच्या हातात राजम्याचा वाडगा दिला, तो संपला तरी संगीत चालूच. शेवटी कुणीतरी बोललं.

“तुमचं नाव काय, बाळ? बरं, केव्हिन. मी हिच्या आईलाही जन्मताना पाहिलंय, तेव्हा मला घाई नाही. तुमच्या साहेबांना बोलवा, मी थांबतो.”

ते थांबले. पुन्हा फोन करावा लागला, मग आणखी एकदा. यंत्र आलं.

कंपन्या या कायद्याविरुद्ध कोर्टात जाणार असं डेल्मर सांगतो. जातीलही. मला काळजी करायला कारण लागत नाही, ती मी करतेच. पण परवा सकाळी रस्ता बर्फानं बंद असताना टेसीची छाती भरून आली, यंत्रानंही भागेना, तर आम्ही चालत दवाखान्यात पोचलो. वर्डी दारातच बर्फ लोटत होती. तिनं फावडं भिंतीला टेकवलं, टेसीचा हात धरला आणि आत हाक मारली, “डॉक्टर, तुमची माणसं आलीत.”