लाखेच्या मोहोरेखालचे जाळे

ती घटना आठवली की कुजलेल्या तागाचा वास आजही नाकात येतो. इंग्रजी अमलाचे, एकोणीसशे तीसच्या सुमाराचे दिवस. मी रेवदंड्याच्या बाजूच्या एका ठाण्यावर फौजदार होतो. नदीच्या अलीकडे इंग्रज सरकार, पलीकडे संस्थान. मासे दोन्हीकडचे एकच, परवाने मात्र दोन. दर वर्षी जाळे नाक्यावर नेऊन दाखवायचे, तेव्हा परवाना मिळायचा. जाळे नाही तर मासेमारी नाही.

एक कोळी विधवा फिर्याद घेऊन आली. नवऱ्याने स्वतः विणलेले तागाचे जाळे होडीतून चोरीला गेले होते आणि परवान्याची मुदत संपत आली होती. सोबतचा तरणा मुलगा मान खाली घालून उभा होता. मी होडीचा पंचनामा केला. दोर कुठेच कापलेला नव्हता. गाठी सोडवल्या होत्या. खाऱ्या पाण्याने आवळलेली गाठ सोडवत बसायला चोराला सवड नसते, तो कोयता चालवतो. पण तिथले कोळी जाळ्याचा दोर कापणे अशुभ मानत. म्हणजे हात कोळ्याचाच, आणि त्याला सवडही होती; माझा संशय घराकडे वळला.

दुसऱ्याच दिवशी एका मासळीवालीने आमच्या शिपायाला खबर दिली. पलीकडच्या काठावर त्या बाईच्या जावयाच्या दारात तेच जाळे वाळत पडले होते. मी संस्थानच्या पोलिसांना कळवले. त्यांनी नको तेवढी तत्परता दाखवली. जावयाला कोंडले, जाळे ओलेच गुंडाळले, त्यावर लाखेची मोहोर केली आणि आमच्याकडे पाठवले.

मुलाला मी दरडावले नाही. पंचनाम्यातला दोर गाठ मारून त्याच्यापुढे टाकला आणि सोडव म्हटले. त्याने ती न बघताच सोडवली, मग दोर तसाच हातात धरून रडू लागला.

"मीच दिलं, सायब. ओहोटीनं भावजीचं जालं हिकडं वाहत आलं, तं नाक्यावाल्यांनी धरलं. त्यांचा परवाना जात व्हता. आमचं जालं एक दिस तिकडं दाखवायचं नि परत आनायचं. आयला इचारलं असतं तं न्हायच बोलली असती."

नाही का म्हणाली असती, ते मला ठाऊक होते. जाळे उसने दिले की घरची बरकत जाते, अशी त्या लोकांची समजूत. म्हणून पोरगा गप्प राहिला, आणि आईने विश्वासाने सरकारचे दार ठोठावले.

तिला सगळे सांगितले तेव्हा तिने पोराच्या हातातला दोर काढून घेतला. मग म्हणाली, "माजाच पोर, माजाच जावय. मंग चोरी कसली, सायब? ती फिर्याद फाडून टाका."

नोंदलेली फिर्याद फाडता येत नाही; मुलालाही कोठडीत घालावे लागले. निदान जाळे वाळवू द्या, असे मी वर लिहिले. उत्तर आले, मोहोर कोर्टाच्या हुकुमाशिवाय तोडू नये. कोर्ट म्हणाले, मोहोर संस्थानची आहे, त्यांना विचारा. संस्थान म्हणाले, माल तुमच्या ताब्यात आहे. ओले जाळे बांधून ठेवू नये, हे त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही कळते. आम्ही सगळे शिकलेसवरलेले. मुद्देमालाच्या खोलीत ते गाठोडे पावसाळाभर पडून राहिले आणि दाराबाहेरपर्यंत वास येऊ लागला.

यथावकाश मुलगा सुटला, जावईही सुटला. कायद्याने सगळे रीतसर झाले. पुढे नोकरीत मी कित्येक खरे चोर पकडले, पण बक्षिसाचा शेला अंगावर पडला की मला ती बाई आठवायची. गुन्हा नसलेल्या ठिकाणी कायदा शिरला की काय करतो, ते मी तिथे पाहिले, आणि त्यावर उपाय मला अजून सुचलेला नाही.

शेवटी कोर्टाचा हुकूम आला, आणि जाळे परत देताना मोहोर मीच तोडली. बाईने जाळ्याचा एक पदर उचलला, तो हातातच तुटला. दुसरा उचलला, तोही तुटला. तिने सगळे पुन्हा ओटीत गोळा केले आणि मला विचारले, "सायब, हे नाक्यावर दाखवलं तं परवाना देतील काय?"