कोंडाळ्याशेजारची आक्का

आक्का माणसं बादलीवरून ओळखायची. दारात येऊन ओल्या कचऱ्याची बादली उचलायची, आत एकदा नजर टाकायची आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "काल तुमच्यात पावणं आलतं की! कांदं लई चिरल्यात." लग्न होऊन मी पुण्याकडून कोल्हापुरात आले त्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा चिंचेच्या चोथ्यावरून माझे दिवस गेल्याचं सासूबाईंच्या आधी तिला कळलं होतं. एखाद्या घरची बादली दोन दिवस रिकामी निघाली, तर मात्र ती काही बोलत नसे. संध्याकाळी पदराखाली झाकून त्या घरी भाकऱ्या पोचवायची.

गल्ली तिला मागे 'खतआक्का' म्हणायची, तोंडावर नुसतं आक्का. गडहिंग्लजकडची लिंगायत, वैतागली की कानडीत सुरू व्हायची. एरवी इथल्या बायकांसारखं पुरुषी 'मी येतो, मी जातो' तिच्या जिभेवर बसलं होतं. आमच्या बादलीत रविवारी हाडं असत. आक्का ती चिमट्यानं उचलून वेगळ्या डब्यात टाकायची. "आमच्यात चालत न्हाय," म्हणायची, "पर मातीला समदं चालतंय."

हा उद्योग हौसेचा नव्हता. गल्लीच्या टोकाला तिचं दोन खोल्यांचं घर होतं आणि घराच्या मागच्या भिंतीला लागूनच गल्लीचं कोंडाळं. तिन्ही बाजूंनी विटांच्या भिंती घातलेली कचरा टाकायची जागा. कचऱ्याची गाडी आठ-दहा दिवसांनी यायची, कधी तेवढीही नाही. कोंडाळं भरायचं, कुजायचं, कुत्री कचरा रस्त्यावर ओढायची आणि मग वैतागून कोणीतरी काडी लावायचं. धूर थेट आक्काच्या खिडकीत. आत कॉटवर तिचे मालक बसलेले असत. अर्धं आयुष्य फौंड्रीत वाळूची धूळ खाल्लेला माणूस. जिना सोडा, उंबरा चढतानाही दम लागायचा. धूर आला की ते ओला टॉवेल तोंडावर धरून दोन्ही हातांनी कॉटची कड आवळायचे. मानेच्या शिरा टरारून यायच्या. आक्का पाठ चोळत राहायची. दुसरं तिच्या हातात काही नव्हतं.

मग तिनं स्वतःच एक वाट काढली. ओलं कोंडाळ्यात पडलं नाही, तर ते कुजणार नाही, वास येणार नाही, कोणी पेटवणार नाही. अंगणात पाच गंजकी पिंपं मांडली, त्यांना भोकं पाडली. घरोघरचं ओलं, गोठ्यातलं शेण, वाळलेलं उसाचं पाचट असे थर द्यायची आणि आठ दिवसांनी सगळं खाली-वर करायची. रद्दी, बाटल्या, पत्रा वेगळा काढून भंगारवाल्याला द्यायची. निम्मी गल्ली बादली द्यायची, निम्मी हसायची. एकदा एक बाई तिला म्हणाल्या, "आक्का, कचरा टाकायला आता तुमची परवानगी लागणार व्हय?" आक्कानं त्यांचे हात धरले. "परवानगी न्हाय वो. पाया पडतो तुमच्या. आमच्या मालकांचा दम त्यात अडकलाय." सकाळी ती कोंडाळ्यापाशी उभी राहायची. आधी विनवायची, मग शिव्या द्यायची, मग पुन्हा विनवायची. तरी तिची पाठ वळली की पिशवी पडायचीच.

त्या वर्षी दसऱ्याच्या साफसफाईत साऱ्या गल्लीनं माळे उतरवले. फाटक्या गाद्या, तुटक्या चपला, रबर, प्लॅस्टिक, सगळं कोंडाळ्यात गेलं. गाडीचा पत्ता नव्हता. आमच्याकडे नणंदेच्या सासरचे येणार होते आणि माशा दारापर्यंत आल्या होत्या. दुपारी सासूबाई म्हणाल्या, "आक्का गोठ्याकडं गेल्यात. जा, काडी लावून ये. घटकाभरात जळून जातंय."

मी गेले. काडी लावली. मला सगळं माहीत होतं, आणि तरी लावली.

गादीच्या कापसानं पेट घेतला आणि रबराचा काळा धूर भिंत चढून खिडकीत शिरला. आतून खोकला ऐकू आला. मी पळत घरी आले आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं गल्लीत आक्काची किंकाळी. बाहेर आले तर डोक्यावरची शेणाची पाटी तिनं तशीच आगीवर उलटी केली होती आणि ती हातांनी जळतं ओढत होती. "पाणी आणा की गं कोणतरी! मालक आत हायत!" बायका बादल्या घेऊन धावल्या. मीही धावले.

मालकांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आठवड्यानं घरी आणलं, पण ते पुन्हा कॉटवर उठून बसले नाहीत. दिवाळी झाली आणि एका सकाळी गेले. लिंगायतांच्या रीतीनं त्यांना बसवून माती दिली.

महिनाभर मी गप्प राहिले. बाळाला काखेत घेऊन बादली उंबऱ्यावर ठेवायचे आणि तिची चाहूल लागली की आत वळायचे. शेवटी एका दुपारी तिच्याकडे गेले. तिच्या तळहातांवर भाजल्याचे डाग तसेच होते. म्हटलं, "आक्का, मी पेटवलं होतं."

ती पाचट निवडत होती. हात थांबले नाहीत. "म्हाईत हाय. तुझ्या शेजारणीनं बघितलंतं." मग निवडलेलं पाचट पिंपात टाकत म्हणाली, "मालक येणार हायत का आता परत? उद्या दुसरं कोणतरी पेटीवणार. सकाळी ये. दारोदार फिरायचं माझ्यासंगं."

त्या सकाळपासून मी फिरले. सासूबाई बोलल्या, नवरा बोलला, लोक हसले. कित्येक वर्षं फिरले.

पुढं घंटागाडी आली. कोंडाळं पाडलं, भिंतीला चुना मारला. गल्ली खूश झाली आणि बादल्या थांबल्या. ओलं-सुकं सगळं एकत्र गाडीत जाऊ लागलं. आक्का त्या भिंतीकडे बघत बसायची. एकदा, ही गाडी रिकामी कुठं होते ते बघायला, मला घेऊन सिटी बसनं शहराबाहेरच्या कचरा डेपोवर गेली. डोंगरच होता, आणि धुमसत होता. धुराच्या वाटेवर पत्र्याची पाच-सहा घरं. एका दारात एक म्हातारी तोंडाला पदर लावून बसलेली. आक्का तिच्याकडं गेली, शेजारी बसली. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "ह्यांच्यात बी कोणतरी खोकत असंल की."

त्यानंतर ती खचलीच. गुडघे गेले, पिंपं हलवता येईनात. गडहिंग्लजहून भाऊ न्यायला आला. पिंपं माझ्या घरामागच्या परड्यात आली. स्टँडवर मी तिला खिडकीजवळ बसवलं. गाडी सुटायच्या आधी धीर करून विचारलं, "आक्का, मला माफ केलंत का?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "न्हाय," म्हणाली. "जमलं न्हाय मला ते." मग खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "पर इतक्या वर्सात तू एक दिवस बी चुकीवला न्हाईस. जा आता, पोरं वाट बघत असतील."

पुढच्या पावसाळ्यात ती गेल्याचा भावाचा फोन आला. मी फोन ठेवला. पिंपं खाली-वर करायचा दिवस होता. परड्यात गेले आणि तेवढं केलं.