सीमांतपूजनाची शेरवानी

आमच्या घरात सीमांतपूजनाला व्याह्यांचं स्वागत घरातला सर्वांत मोठा पुरुष काळ्या शेरवानीत करतो. दुसऱ्या दिवशी विधींना तोच माणूस सोवळं नेसतो. आजोबा निजामाच्या राज्यात सरकारी अंमलदार होते. कचेरीत शेरवानी, देवघरात धोतर, यात कोणाला काही खटकलं नाही. उगाच साधेपणाचा आव आणू नये, दोन्ही मिरवायचेच कपडे. शेरवानीत वाकता येत नाही आणि जरीकाठी धोतरात धावता येत नाही. दोन्ही घालणाऱ्यांच्या घरी पाणी भरायला दुसरं कोणीतरी असायचं. पण शेरवानी माणसाला ताठ उभं करते, आणि ऐंशी ओलांडलेल्या माझ्या वकील वडिलांना ते हवं होतं.

माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडचे पुण्याचे, आयटीच्या नोकऱ्यांमुळे इथे हैदराबादला आलेले. त्यांचा निरोप आला, सगळं पेशवाई थाटात हवं. पुरुषांना धोतर, उपरणं, पगडी. वडिलांनी तोवर गौलीगुड्याच्या शिंप्याकडून जुनी शेरवानी अंगाबरोबर करून आणली होती आणि गच्चीत ऊन दाखवायला टांगली होती.

भाऊ म्हणाला, "बाबा, शेरवानी नक्को. ते लोक काय समजतील?"

"शरीफ आदमी समजतील. अजून काय समजणार?"

"मुसलमानी वाटते म्हणतील. पोरीला जन्मभर ऐकावं लागेल."

वडिलांनी गच्चीतली शेरवानी काढून घडी घातली. मी भावाशी कडाकडा भांडले. त्याच्या लग्नात ते याच शेरवानीत उभे होते, तेव्हा अब्रू गेली होती का, विचारलं. त्याने मला मध्ये पडू नकोस म्हणून सुनावलं. नातीचं नाव काढलं की म्हातारा हरणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नारायणगुड्यातल्या हॉलच्या दारात वडील शिवलेल्या, इलॅस्टिकच्या धोतरात उभे राहिले. ते घसरेल या भीतीने एक हात सारखा कमरेवर. व्याही आले, तेव्हा त्यांना दोन हात जोडता आले नाहीत. मला भावाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

दुसऱ्या संध्याकाळी रिसेप्शन. मुलाकडचे झाडून सारे पुरुष शेरवानीत आले. भाड्याच्या, बदामी रंगाच्या, वर खोट्या मोत्यांच्या माळा. गळ्याची बटणं उघडीच. "रॉयल लुक," नवरामुलगा मला म्हणाला. माझ्या तोंडात शिवी आली होती, ती गिळली.

व्याही वडिलांजवळ येऊन बसले. माणूस वाईट नव्हता, मोकळेपणाने बोलत होता. "काका, हैदराबादचे तुम्ही, आणि शेरवानी नाही? तुमच्यात घालत नाहीत का?"

भाऊ समोरच होता. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. स्टेजवर हसत उभ्या असलेल्या नातीकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले, "आमच्यात तशी पद्धत नाही."