एक झाकण आन् चार नगरसेवक

रिक्षा स्टॉपवर किस्सं कधीच संपत न्हाईत. पॅशिंजर नसला की आमी बोलत बसतोय, आन् पॅशिंजर बहुतेक नसतोयच. पर ही चार नगरसेवकांची पद्धत आल्यापास्नं एवढं साठलंय की माझ्या रिक्षाच्या डिकीत मावायचं न्हाय. मी शाळेत दुसरीच्या पुढं गेलो न्हाय, तवा जसं तोंडात येतंय तसं सांगतो.

आदी कसं हुतं, एका वॉर्डाला एक नगरसेवक. गटर तुंबलं की तेच्या दारात जाऊन बसायचं. तेची बायको च्या करून करून कंटाळली की काम हुयाचं. मग चार वॉर्ड जोडून एक मोठा प्रभाग केला आन् तेला नगरसेवक दिलं चार. अ, ब, क, ड. मास्तरला मला अ ब क ड शिकवाय जमलं न्हवतं, ते इलेक्शननं शिकवलं.

* * *

मतदानादिवशी आमची आक्का गेलती. आक्का म्हंजे नाना पैलवानाची बायको. आत जाऊन एक बटण दाबलं आन् चालाय लागली भाईर. मशिन काय शिट्टी देईना. साहेब मागनं पळत आला, "आजी, आजून तीन ऱ्हायली."

आक्का म्हटली, "माज्या वळखीचा एकच हाय. बाकीची तुमीच दाबा की."

"मला दाबता येत न्हाय, आजी. कोन पसंत नसंल तर शेवटचं बटण दाबा, यापैकी कोणी नाही."

आक्का परत गेली, तीन वेळा तेच दाबली, शिट्टी वाजली. भाईर येऊन आमास्नी म्हणती, "त्यो 'कोणी नाही' निवडून याय पायजे बाबा. तीन ठिकाणी उभा ऱ्हायलाय, आन् एक दिवस मतं मागाय दारात आला न्हाय. गरीब दिसतोय."

* * *

आता नाना. मंगळवार पेठेतला जुना पैलवान. साखरेनं डोळं गेलं, पर ऐट हाय तशीच हाय. रोज सकाळी काठी टेकत एकटं घरापास्नं स्टॉपवर येत्यात, च्या घेत्यात, आमास्नी शिव्या देत्यात, परत जात्यात. हात धरलेला चालत न्हाय. आमच्यातल्या आप्पा मगदुमानं एकदा धरला.

नाना म्हटलं, "सोडतोस का उचलून आपटू?"

आप्पानं सोडला. आप्पा जैनाचा, मारामारी तेच्या धर्मात बसत न्हाय आन् तब्येतीत बी.

तर ह्याच नानांच्या वाटंवर गटरच्या चेंबरचं झाकण फुटलं. बरोबर मधोमध. आत माणूस छातीपतोर जाईल एवढं खोल. डोळसाला दिसतंय, तो वळसा घालतोय. नानांना कोन सांगणार? सांगितलं तर म्हणणार, "मी काय आंधळा हाय व्हय?" आन् मुद्दाम तिथनंच जाणार.

म्हंजे झाकण बसवून घ्यायचं, दुसरा इलाज न्हवता.

* * *

मी आन् आमच्या स्टॉपवरचा हसनभाई चौघांकडं फिरलो. अ म्हटला, "रस्ता माझ्याकडं. गटर ब बघत्यात." ब म्हंजे मुमताजभाभी, बांगडीवाल्यांच्या गल्लीतली. ती म्हटली, "भाई, मी रोज सांगते. माझं कोण ऐकतंय? क ला विचारा." क म्हटला, "निधी ड नं आणलाय." मग ड ला फोन लावला.

ड म्हटला, "पावणं, मी बाहेरगावी हाय. दोन दिवसांनी बघू."

आमी उभं हुतो सलूनच्या दारात, आन् ड आत खुर्चीत फेस लावून बसलेला. हसनभाईनं फोन बंद न करताच आत डोकं घातलं, "साहेब, बाहेरगावाला दाढी स्वस्त हाय काय?"

* * *

शेवटी आयडिया आप्पानं काढली. चेंबरवर एक रिक्षा उभी करून ठेवायची. नानांची काठी रिक्षाला लागंल, नाना आपोआप वळसा घालत्याल. पाळ्या लावल्या. ज्याची पाळी, तेचा सकाळचा धंदा बुडाला.

नानांची काठी रोज रिक्षावर खडकायची. "कोन लावतोय रं ही वाटंत?"

मी म्हणायचो, "नाना, बिघडलीया. ढकलंना झालीया."

आप्पाची रिक्षा म्हंजे काय सांगू. आत आरसं, झुंबर, मखमल. सजावटीत नंबर काढलेली. तिच्यावर कुणी बोट लावलं तर आप्पा फडक्यानं पुसतोय. तेच्या पाळीला नानांनी काठीनं दोनदा ठोकली आन् म्हटलं, "असलं खटारं भंगारात का घालत न्हाईस?"

आप्पा ओठ चावून म्हटला, "घालतो नाना."

एक दिवस हसनभाईची पाळी हुती आन् बाळंतपणाला निघाल्याली बाई आली, तेला दवाखान्यात जावं लागलं. आमी बाकीचं भाड्यावर. हसनभाईचा फोन आल्यावर मी पॅशिंजरला निम्म्यात उतरवून गाडी पळवत आलो. बघतोय तर चेंबरच्या कडंला प्लास्टिकची खुर्ची टाकून मुमताजभाभी बसलेली. नाना वळसा घालून पुढं गेलं बी हुतं.

म्हटलं, "भाभी, तुमी हितं?"

"झाकण मंजूर हुईना," भाभी म्हटली, "म्हटलं नगरसेवक तरी बसवावा."

* * *

तवर महापालिकेच्या सभेत ठराव आला: परत एका वॉर्डाला एकच नगरसेवक करा, म्हणून सरकारला कळवायचं. मी, हसनभाई आन् आप्पा गॅलरीत जाऊन बसलो.

अ उठला. "चार नगरसेवक म्हंजे जनतेला चार दरवाजं उघडं."

मी वरनं म्हटलं, "दारं चार हाईत साहेब, घरात कोन न्हाय."

खाली हशा. गॅलरीतला शिपाई माझा साडू. तेनं माझा दंड धरला, "बंडा, भाईर हो."

म्हटलं, "तू जेवाय आलास की मी असं म्हणतोय व्हय?" तेनं दंड सोडला, पर शेजारीच बसला.

मग भाभी उठली. आजवर सभेत ती बोलल्याली कुणी ऐकली न्हवती. म्हटली, "आमची गल्ली केवढी? एकेकट्याचा वॉर्ड असता तर मला कोण निवडून देणार हुतं? चौघांच्या पॅनेलात हुते म्हणून आले. हे खरं हाय. पर आल्यावर तिघं ठरवत्यात आन् मी मान हलवते. ह्याला गल्लीचा माणूस सभेत गेला म्हणत्यात काय?" तिघांकडं वळली. "पुढच्या खेपंला पडले तरी चालंल. एकच करा."

हसनभाई माझ्या कानात म्हटला, "पडंल रे ती." मग आपणच टाळ्या वाजवाय लागला.

ठराव झाला. सरकार काय करंल ते सरकारला म्हाईत. चेंबर उघडंच हुतं.

* * *

माझ्या रिक्षावर भोंगा हाय. साड्यांचा सेल, सर्कस, सगळी जाहिरात मी करतोय, वाचायची गरज पडत न्हाय. त्या सांजंला अ च्या गल्लीत जाऊन वरडलो, "उद्या सकाळी क साहेबांच्या हस्ते चेंबरचं झाकण." क च्या गल्लीत ड चं नाव घेतलं. ड च्या दारात भाभीचं. भाभीच्या गल्लीत अ चं.

सकाळी चौघं हजर. तिघं टेंपोत झाकण घालून, फोटोवाला घेऊन. भाभी दिराच्या हातगाड्यावरनं. तिघांची झाकणं चेंबरपेक्षा बारकी निघाली, आत पडाय लागली. भाभीनं माप घेऊन आणलेलं, ते बसलं. लगीच झाकणाला हार कोन घालायचा म्हणून चौघांचा वाद सुरू, कारण फोटो चौघांस्नी पायजे.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. सगळी बाजूला सरली. नानांनी काठी पुढं केली, रिक्षा लागली न्हाय. थांबलं.

"काय चाललंय?"

अ म्हटला, "नाना, झाकण बसवलं. तुमच्या हस्ते उद्घाटन करूया. तुमी पयला पाय ठेवा."

नाना म्हटलं, "चौघंबी आल्यासा?"

"व्हय नाना."

"मग आदी तुमी चौघं उभं ऱ्हावा."

झाकण केवढं, माणसं केवढी. अ नं क ची कंबर धरली, ड नं क चा खांदा धरला, भाभीनं पदर खोचून उरल्याल्या जाग्यात एक पाय दाबून ठेवला. फोटोवाल्याला कळंना फोटो काढू का नको. नाना काठीवर हनुवटी टेकून निवांत उभं. कोन उतराय धजना.

बऱ्याच येळानं नानांनी काठीनं झाकणाची कड ठोकून बघितली.

"चौघांचं वजन धरलं. उतरा आता. माणूस जायला हरकत न्हाय."